सांगेल त्यालाच दुखतं?

ऑपरेशनच्या आधी पेशंट मला एक प्रश्न विचारतात आणि ऑपरेशननंतर दुसरा. आधीचा असतो, "म्याडम, मंधातच जाग आली तं?" नंतरचा, गुंगी उतरता उतरता, बायकोची नजर चुकवून, "मी काही बरळलो तं नाही?" वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी भूल देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सर्जनचं नाव लोक पुढच्या पिढीला सांगून ठेवतात, मी मात्र कायमची 'भुलीच्या बाई'. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण हे दोन प्रश्न सर्जनला कुणी विचारत नाही. माणसाची जाणीव बाकीच्या जिवांपेक्षा वेगळी आहे का, या विषयावर मला जे थोडंफार सुचतं ते या दोन प्रश्नांतूनच सुचतं.

बहुतेकांच्या लेखी हा विषय निकालात निघालेला असतो. माणसाला मन आहे, जनावराला पोट आहे, संपलं. शाळेत पाठ केलेलं सुभाषितही हाताशी असतं: आहार, निद्रा, भय आणि मैथुन या चार गोष्टी माणसात आणि पशूत सारख्याच, माणसाचं वेगळेपण काय ते धर्माचं. पण सुभाषितकाराने भय सामायिक खात्यात टाकलं आहे, तिकडे आपण काणाडोळा करतो. भय ही पोटातली गोष्ट नाही. भ्यायला आत कुणीतरी असावं लागतं.

ते 'आत कुणीतरी' आहे की नाही हे ओळखणं हा माझा रोजचा धंदा, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. भूल म्हणजे एकच औषध नव्हे. झोप आणणारं वेगळं, दुखणं मारणारं वेगळं, स्नायू सैल करणारं आणखी वेगळं. पोट उघडायचं तर स्नायू सैल लागतात, नाहीतर सर्जनचा हात चालत नाही. हे शेवटचं औषध दिलं की माणसाला बोटही हलवता येत नाही, श्वासही यंत्राने द्यावा लागतो. आता समजा झोपेचं औषध कमी पडलं आणि आत कुणी जागं झालं, तर ते सांगणार कसं? १९७७ साली टन्स्टॉल नावाच्या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने यावर एक साधी युक्ती काढली. स्नायूंचं औषध टोचण्याआधी एका दंडाला रक्तदाबाचा पट्टा घट्ट आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही. सगळं अंग लुळं, एक पंजा तेवढा मोकळा. मग सिझेरियन चालू असताना बाईच्या कानाशी वाकून म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.

ही युक्ती पुढे बऱ्याच ठिकाणी वापरून पाहिली गेली, आणि हात दाबले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निरनिराळ्या देशांतली रुग्णालयं मिळून, २६० पेशंटांपैकी १२ जणांनी घशात नळी घातल्यानंतर हाक ऐकून हात दाबला. त्यातल्या ५ जणांनी 'दुखतंय का' विचारल्यावर पुन्हा दाबला. असे हात दाबणारे शुद्धीवर आल्यावर बहुतेक वेळा काय सांगतात? छान झोप लागली होती. त्याच्या उलट, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली एक मोठा अहवाल आला, त्यात स्वतःहून 'मला मधे जाग आली होती' असं सांगणारे साधारण १९,००० भुलींमागे एक निघाले. शंभरातले चार-पाच कुठे आणि एकोणीस हजारांत एक कुठे! प्रश्न विचारायची रीत आणि वेळ बदलली की आकडा इतका बदलतो. ऑपरेशन चालू असताना विचारलं तर कुणीतरी घरात आहे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर दाराला कुलूप.

दुर्बिणीच्या तपासणीला मी पुष्कळदा मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देते. पेशंट कण्हतो, माझा हात ढकलतो, कधी कधी स्पष्ट म्हणतो, 'पुरे करा आता.' अर्ध्या तासाने तोच उठून चहा घेताना म्हणतो, 'झालं पण? मला कळलंच नाही.' औषधाने आठवण धरू दिलेली नसते. पेशंट खूश, नातेवाईक खूश, डॉक्टरही खूश. पण मधे जे कण्हलं ते कोण होतं? 'कुणीच नाही' हे उत्तर फार सोयीचं आहे, आणि माझ्या धंद्यातल्या सोयीच्या उत्तरांवर माझा विश्वास नाही. त्याला कारण आहे.

१९८०च्या दशकापर्यंत, आणि तेही भल्या भल्या देशांत, तान्ह्या बाळांच्या शस्त्रक्रिया नावापुरत्या भुलीवर उरकल्या जात. स्नायू सैल करायचं औषध, थोडा नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू, बस्स. समज असा, की नवजात बाळाच्या मज्जासंस्थेची वाढ पुरी झालेली नसते, त्याला दुखणं 'कळत' नाही, आणि कळलं तरी ते लक्षात राहत नाही. बाळ रडतं ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. माझ्या पिढीच्या गुरूंनी हे अगदी गंभीर चेहऱ्याने शिकलेलं होतं. १९८७ साली भारतीय वंशाचे डॉक्टर आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक शोधनिबंध छापला. दिवस भरण्याआधी जन्मलेली, हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधून घ्यायला आलेली बाळं. काहींना नेहमीची भूल दिली, काहींना त्यासोबत फेंटानिल हे जोरकस वेदनाशामकही दिलं. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त चढली, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या भानगडीही त्यांच्यातच जास्त झाल्या. एवढं कागदावर आल्यावर जगभरातल्या ऑपरेशन थिएटरांची रीत बदलली. बाळं आधीही तशीच रडत होती. त्या रडण्याला पुरावा म्हणायची आमची तयारी नव्हती, इतकंच.

यातून माझं एक मत बनलं आहे. जाणीव आहे की नाही हे आपण कधीच मोजत आलेलो नाही. आपण साक्ष मोजतो. जो आपल्या भाषेत, नंतर, शुद्धीवर येऊन, 'मला दुखलं होतं' असं सांगेल त्याचं दुखणं खरं. हात दाबणाऱ्या बाईची साक्ष अर्धी, कारण ती विसरली. बाळाची साक्ष नाहीच. आणि मग रांगेत उभी असतात ती सगळी जनावरं, ज्यांना साक्षीला बोलावण्याचीही पद्धत नाही.

माझा शाळेतला एक वर्गमित्र जनावरांचा डॉक्टर आहे. आमच्या दोघांच्या कपाटातल्या काही बाटल्या अगदी सारख्या: केटामाइन, लिग्नोकेन, प्रोपोफॉल. तो मला 'तुम्ही दोन पायांचे' म्हणतो. गाय खोड्यात उभी करून, डाव्या कुशीला, तेवढीच जागा बधिर करणाऱ्या, लिग्नोकेनच्या सुया देऊन, तो तिच्या पोटातून किलोंनी प्लास्टिक काढतो, मधून मधून तारा आणि खिळेही. झायलाझिन नावाचं गुंगीचं औषध घोड्याला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्शात गाय गुंगते, हे मला त्याच्याकडूनच कळलं. जातीजातीत असे फरक आहेत. पण फरकांपेक्षा मला साम्यानेच जास्त चकित केलं.

आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूचं एक माप असतं. फुप्फुसातल्या हवेत त्याचं किती प्रमाण झालं म्हणजे सुरी लागल्यावर निम्मे जीव हलत नाहीत, ते हे माप. माणसात ते साधारण १.२ टक्के. कुत्र्यात १.३. घोड्यातही १.३च्या आसपास. मांजर जरा चिवट, १.६. पाचशे किलोंचा घोडा, पाच किलोंची मांजर आणि मी, तिघांनाही गप्प करायला हवेत वायूचं जवळजवळ तेवढंच प्रमाण. हे पहिल्यांदा एका ओळीत वाचलं तेव्हा माणसाच्या मोठेपणाचा माझा फुगा थोडा खाली आला होता.

मात्र इथे मला माझ्याच बाजूचा वकील व्हायचं नाही. हे माप न हलण्याचं आहे, जाणीव जाण्याचं नाही. १९९३ साली उंदरांवर आणि शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांतून दिसलं की हे 'न हलणं' मुख्यतः मज्जारज्जूत ठरतं, मेंदूचा त्यात फारसा वाटा नाही. आणि गंमत अशी की ईथरने लाजाळूही भुलते. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच ते दाखवलं होतं: ईथरच्या वाफेत ठेवलेल्या लाजाळूला हात लावा, पानं मिटत नाहीत, मोकळ्या हवेत आणा, काही वेळाने पुन्हा मिटायला लागतात. आपल्या जगदीशचंद्र बोसांनीही झाडांना क्लोरोफॉर्म देऊन पाहिला होता. म्हणून लाजाळू आत बसून लाजत असते असं मी म्हणणार नाही. भुलीची औषधं पेशींच्या पापुद्र्यांवर आणि प्रथिनांवर काम करतात, आणि ती झाडालाही आहेत. एखादी गोष्ट औषधाने थांबली, एवढ्यावरून तिच्यामागे कुणी होतं हे सिद्ध होत नाही. तेव्हा सारखेपणाचा हा पुरावा दिसतो त्यापेक्षा कच्चा आहे.

पक्का पुरावा मला एका कोंबडीने दिला. मांसासाठी झटपट वाढवलेल्या कोंबड्यांचं वजन पायांना पेलत नाही, बऱ्याच लंगडतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला काही संशोधकांनी अशा लंगड्या आणि धडधाकट कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं, दुसऱ्यात नाही. कुठल्या रंगात काय ते कोंबड्यांना आधी खाऊन कळलेलं. २००० साली छापलेला निष्कर्ष असा: लंगड्या कोंबड्या औषधाचं खाद्य जास्त खात, आणि जी जास्त लंगडी ती आणखी जास्त. माझ्या वॉर्डात पेशंटला वेदनाशामकाचा पंप देऊन 'दुखेल तसं बटण दाबा' म्हणतात, तेच हे. कोंबडी बटण दाबते आहे. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया चटका बसल्यावर पाय मागे घेते, ताटातलं खाद्य निवडत नाही. २००३ साली लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठांत ॲसेटिक ॲसिड टोचलं, तेव्हा ते मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले, खाण्याकडे फिरकेनात. मॉर्फिन दिल्यावर हे कमी झालं. माशाला मॉर्फिनचा उतारा पडतो, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. तळलेला पापलेट सोडलाय असं मात्र नाही.

मेंदूचे जाणकार आता उघडपणे बोलू लागले आहेत. ७ जुलै २०१२ रोजी केंब्रिजमध्ये मज्जाशास्त्रज्ञांच्या एका मेळाव्याने जाहीरनामा काढला, की जाणीव निर्माण करणारी मज्जातंतूंची यंत्रणा एकट्या माणसाकडे नाही. सगळे सस्तन प्राणी, पक्षी, आणि ऑक्टोपससारखे इतर काही जीव यांच्याकडेही ती आहे. २०२४ साली न्यूयॉर्कमध्ये आणखी एक जाहीरनामा निघाला, त्यात सरडे, बेडूक, मासे, खेकडे, कीटक यांच्यातही जाणिवेची वास्तव शक्यता मान्य केली गेली. आरशाच्या परीक्षेबद्दल मी लिहीत नाही. कोण आरशात स्वतःला ओळखतं, हत्ती पास, कुत्रा नापास, याच्या याद्या सगळीकडे मिळतात. नाकाने जगणाऱ्या प्राण्याची डोळ्यांची परीक्षा घेऊन त्याला नापास करणं हे आपल्या काही परीक्षा मंडळांना शोभून दिसेल.

जाहीरनामे वाचून मला शंकराचार्य आठवले. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या अगदी सुरुवातीलाच ते म्हणतात, व्यवहारात माणसाचं पशूंहून वेगळं काही नाही. काठी उगारलेला माणूस दिसला की 'हा मला मारणार' असं समजून जनावर पळतं, आणि मुठीत हिरवं गवत धरून कुणी आलं तर त्याच्याकडे येतं. माणसंही, आणि त्यात ते शिकलीसवरलेली माणसं मुद्दाम घालतात, तलवार उगारून ओरडत येणारा दिसला की मागे फिरतात आणि उलटं दिसलं की पुढे होतात. त्यांचा मुद्दा अर्थात अज्ञानाचा होता, गोठ्याचा नव्हता. पण बाराशे वर्षांपूर्वी कुणी तरी जनावराच्या डोक्यातलं वाक्य 'हा मला मारणार' असं, प्रथमपुरुषी लिहून ठेवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यानंतर कितीतरी शतकांनी युरोपात देकार्त हा तत्त्वज्ञ जनावरांना यंत्र म्हणत होता.

मग माणसाचं काहीच वेगळं नाही? आहे. ऐतरेय आरण्यक या वैदिक ग्रंथात एक उतारा आहे. झाडांत रस आहे, प्राण्यांत चित्त आहे, माणसात आत्मा सर्वांत स्पष्ट. का? तर तो कळलेलं बोलून दाखवतो, आणि त्याला उद्या काय ते कळतं. बाकीच्या पशूंना कळते ती तहान आणि भूक. माणूस आणि पशू यांच्यामधली रेघ या जुन्या लोकांनी नेमकी 'उद्या'वर ओढली, आणि वेगळेपणाच्या जेवढ्या व्याख्या मी वाचल्या त्यांत ही मला सर्वांत धारदार वाटते.

पण तिलाही भोकं पडली आहेत. अमेरिकेत स्क्रब जे नावाचा कावळ्याच्या कुळातला निळा पक्षी असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी त्याला दोन खोल्या दाखवल्या: एका खोलीत सकाळी नाश्ता मिळतो, दुसरीत मिळत नाही. मग संध्याकाळी अचानक चिलगोजे पुढे केले आणि लपवायला दोन्ही खोल्या मोकळ्या ठेवल्या. पक्ष्यांनी उपाशी सकाळ घालवावी लागते त्या खोलीत जास्त दाणे पुरून ठेवले. हे २००७ सालचं. दोनच वर्षांनी स्वीडनमधल्या फुरुविक प्राणिसंग्रहालयातल्या सांतिनो नावाच्या चिंपांझीची हकीकत छापून आली. हा गडी सकाळी, प्रेक्षक यायच्या आधी, अगदी शांतपणे दगड गोळा करून रचून ठेवायचा, आणि नंतर गर्दी झाली की नेम धरून मारायचा. तहान-भुकेपलीकडे याला निदान वैर तरी कळत होतं.

मला सगळ्यांत जास्त भिडला तो वासरांचा प्रयोग. कॅनडातल्या एका विद्यापीठात वासरांना लाल आणि पांढरा पडदा ओळखायला शिकवलं. एका रंगाकडे गेलं की दूध, दुसऱ्याकडे गेलं की नाही. मग मधल्या, धड ना लाल धड ना पांढऱ्या छटा दाखवल्या. खुशीत असलेलं वासरू अशा गुलाबी पडद्याकडेही 'असेल दूध' म्हणून जातं. नंतर त्या वासरांची उगवती शिंगं तापल्या लोखंडाने डागली. त्यानंतरच्या काही तासांत आणि दुसऱ्या दिवशीही तीच वासरं तशाच छटांकडे कमी जाऊ लागली. दुखणाऱ्या डोक्याला दुधाची आशा कमी झाली होती. २०१३ सालच्या त्या निबंधाच्या शीर्षकातच 'निराशावाद' हा शब्द आहे. उद्याचा नसेल, पण पुढच्या दोन पावलांचा अंदाज त्या वासराकडे होता आणि दुखण्याने तो काळवंडला.

तेव्हा 'उद्या' म्हणजे फक्त माणसाची मालमत्ता, हेही आता तितकं खरं नाही. एक गोष्ट मात्र मला अजून कुठल्याच पक्ष्यात, वानरात सापडलेली नाही, आणि ती मी रोज वापरते. आमचा उद्या दुसऱ्याच्या तोंडून मिळतो. आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात जाते, खाटेवर टेकते, सांगते: उद्या आठ वाजता नेतील, हाताला एक सुई टोचेल, तेवढीच, मग उठाल तेव्हा सगळं झालेलं असेल, घसा थोडा दुखेल, तो दोन दिवसांत बरा होतो. १९६३ साली अमेरिकेत कुणी हे रीतसर तपासून पाहिलं होतं: ज्यांना भूलतज्ज्ञ येऊन असं सांगून गेला ते पेशंट, नुसतं गुंगीचं औषध दिलेल्यांपेक्षा शांत होते. शब्द हे औषध आहे आणि त्याची मात्रा कानातून जाते. ज्या म्हातारीने आयुष्यात कधी सुई पाहिली नाही ती माझा उद्या उसना घेते आणि त्यावर रात्र काढते. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतही आपण हेच करतो, 'अजून दोन मिनिटं' या वाक्याला धरून बसतो.

जनावर कशाला धरणार? लोक नेहमी म्हणतात, त्याला पुढचं काही कळत नाही, म्हणून त्याचं दुखणं कमी. मला अगदी उलट वाटतं. खोड्यात अडकवलेल्या म्हशीला हे दुखणं संपणार आहे हे कुणी सांगू शकत नाही. 'आत्ता' हेच तिचं सगळं जग आहे, आणि आत्ता दुखतंय. ज्याच्याकडे उद्या नाही त्याला उद्याचा दिलासाही नाही. माणसाच्या जाणिवेचं जे वैशिष्ट्य आपण मिरवतो, त्यातून आपलं दुखणं जास्त खरं ठरतं असं नाही; त्यातून फक्त आपल्याला एक जास्तीचं वेदनाशामक मिळतं. ते ज्यांना मिळत नाही त्यांच्या बाबतीत खरं तर हात जास्त सैल सोडायला हवा, औषधाच्या बाबतीत.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि त्यांना जेवणाचं निमंत्रण देतात: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बैलाला 'उद्या' सांगणारी ही जगातली एकमेव जागा असावी. त्यात भाबडेपणा आहे, ढोंगही थोडं आहे. वेसण घालताना आणि बडवताना त्याच बैलाला कुणी काही सांगत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही ही सोय ठेवली आहे: शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं, ठरवून दिलेल्या पद्धतीने केलं तर क्रूरतेत धरलं जात नाही. कायदा करणाऱ्यांपुढे बैल साक्षीला आलेला नव्हता.

हे सगळं मी वर्गमित्राला एकदा, जरा तोऱ्यातच, ऐकवलं. तो सुपारी कातरत होता. म्हणाला, "तुझं अर्धंच बरोबर. तुझ्या पेशंटला तू उद्या सांगतेस, म्हणून तो शांत झोपतो म्हणतेस ना? मग त्याचं बीपी आदल्या रात्री का चढतं? माझी म्हैस सुई लागेपर्यंत मजेत रवंथ करते. तिला आदली रात्र नसते." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. उद्या कळणारा जीव दिलासाही उसना घेतो आणि भीतीही. हिशेब कुठल्या बाजूला झुकतो ते माणसागणिक वेगळं. फाशीची तारीख ठरलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हशीशी जागा बदलायला एका पायावर तयार होईल.

"ते जाऊ दे," मी म्हटलं. "संकरित गाईंच्या वासरांची शिंगं डागतोस, तेव्हा आधी लिग्नोकेन देतोस का?"

"मालक म्हणतो, दोन मिनिटांचं काम, बाटली कशाला फोडता साहेब."

"आणि तू?"

"फोडतो. डोळ्यामागे नस असते, तिच्यावर टोचलं की दहाएक मिनिटं थांबावं लागतं." त्याने सुपारी तोंडात टाकली. "तेवढ्यात चहा येतो."